कागदावरील निसर्ग आणि चित्रकाराचे नाव

पशुपक्षी आणि वनस्पती यांची कागदावर काढलेली जुनी चित्रे जेथे मांडलेली असतात, अशा कलादालनात शिरणाऱ्या प्रेक्षकाची प्रथमदर्शनी थोडीशी निराशाच होते. प्रकाश मंद असतो. तैलचित्रांच्या मानाने चित्रांचा आकार लहान असतो. पांढऱ्या कागदाच्या मधोमध एखादा पक्षी फांदीवर बसलेला, एखादा मासा आडवा ठेवलेला, किंवा एखादी वनस्पती मुळापासून शेंड्यापर्यंत उभी केलेली दिसते. पाठीमागे ना आकाश, ना डोंगर, ना एखादा प्रसंग. ही चित्रे कलादालनात कशासाठी आणली असावीत, प्राणिशास्त्राच्या अथवा वनस्पतिशास्त्राच्या संग्रहालयात ती अधिक शोभली नसती काय, असा प्रश्न अशा प्रेक्षकाला पडला तर त्यात आश्चर्य नाही.

हा प्रश्न इतिहासाला धरूनच आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत भारतीय चित्रकारांनी काढलेली अशी हजारो चित्रे दीर्घकाळ कलादालनांबाहेरच होती. ग्रंथालयांची कपाटे, विद्वत्संस्थांचे दप्तरखाने आणि वनस्पतिउद्यानांतील संग्रहांचे खण ही त्यांची घरे. तेथे त्यांची मांडणी विषयाप्रमाणे होत असे: पक्षी कोणत्या जातीचा, वनस्पती कोणत्या कुलातील, एवढे कळले की काम भागे. चित्र कोणी काढले ही बाब त्या व्यवस्थेत गौण होती. तेच चित्र कलादालनात आले की क्रम उलटतो. चौकटीखालच्या पट्टीवर सर्वांत आधी चित्रकाराचे नाव लिहावे लागते. आणि ते लिहू गेले असता पुष्कळदा असे ध्यानात येते की, हे नाव कधी कोणी टिपून ठेवलेलेच नाही. कागदावरील निसर्गचित्रांचे प्रदर्शन ही वरकरणी साधी, डोळ्यांना सुखावणारी गोष्ट असली, तरी तिच्या मुळाशी नावाचा हा प्रश्न आहे. त्याचा उलगडा व्हावा म्हणून या चित्रांचा कागद, त्यांची निर्मिती आणि त्यांचा दालनापर्यंतचा प्रवास यांचा क्रमाने विचार करणे इष्ट ठरेल.

पोथीतील पान

भारतात कागदावरील निसर्गचित्रणाची परंपरा युरोपीय लोकांच्या आगमनाने सुरू झाली, असे समजण्याचे कारण नाही. मोगल दरबारात, विशेषतः जहांगिराच्या कारकिर्दीत (१६०५ ते १६२७), ती पूर्णत्वास पोहोचलेली होती. या बादशहाला नवीन प्राणी आणि पक्षी पाहण्याची, त्यांची मापे घेण्याची आणि वर्णने लिहून ठेवण्याची विलक्षण आवड होती. लिखित वर्णनाने त्याचे समाधान होत नसे. म्हणून तो चित्रकारालाही पाचारण करी. उस्ताद मन्सूर हा त्यांतील अग्रणी. 'नादिर-उल-अस्र', म्हणजे युगातील अद्वितीय, हा किताब त्याला बादशहाकडून मिळाला होता. १६२० साली काश्मीरमध्ये मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढल्याची नोंद जहांगिराने आपल्या आत्मवृत्तात केलेली आहे. त्यांतील फारच थोडी आज शिल्लक आहेत. त्या मोजक्या चित्रांमध्ये गणले जाणारे तांबड्या ट्यूलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या मौलाना आझाद ग्रंथालयात आहे. मन्सूरचा सैबेरियन क्रौंच कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. या क्रौंचाला पालास या शास्त्रज्ञाने १७७३ साली शास्त्रीय नाव दिले; म्हणजे शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद होण्यापूर्वी सुमारे दीडशे वर्षे तो मन्सूरच्या कागदावर उभा होता.

हा कागद कसा असे, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. हातकागदाचे अनेक थर खळीने एकमेकांवर चिकटवून 'वसली' तयार करीत. तिचा पृष्ठभाग अकीकाच्या दगडाने घोटून काचेसारखा गुळगुळीत केला जाई. मातीचे व खनिजांचे रंग बारीक वाटून ते डिंकाच्या पाण्यात कालवीत आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने थरावर थर चढवीत. पूर्ण झालेले चित्र भिंतीवर टांगले जात नसे. त्याला नक्षीदार हाशिया जोडून ते 'मुरक्का' नावाच्या संग्रहग्रंथात बांधीत, आणि कित्येकदा त्याच्या समोरच्या पानावर सुलेखनाचा नमुना असे. असा ग्रंथ हातात घेऊन, पाने उलटीत, वाचनाच्या अंतरावरून पाहावयाचा असे. कागदावरील चित्राचे नाते मुळात पोथीशी आहे, भिंतीशी नाही. दालनातील लहान आकाराने प्रेक्षक बुचकळ्यात पडतो, त्याचे कारण येथे सापडते. त्याच्यासमोर भिंतीवर जे टांगलेले असते ते खरोखर एक पान असते.

कलकत्त्यातील तीन चित्रकार

अठराव्या शतकात मोगल सत्ता खिळखिळी झाली आणि दरबारी चित्रकारांचा आश्रय तुटू लागला. मुर्शिदाबाद, पाटणा, लखनौ अशा ठिकाणी पांगलेल्या चित्रकार घराण्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या रूपाने नवे यजमान मिळाले. या नव्या आश्रयाखाली तयार झालेल्या चित्रांना पुढे 'कंपनी शैली' हे नाव पडले. त्यांतील निसर्गचित्रांचा सर्वांत प्रसिद्ध संच म्हणजे इम्पी संग्रह होय.

सर एलायजा इम्पी हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश. १७७५ मधील महाराजा नंदकुमाराच्या खटल्यामुळे त्यांचे नाव भारतीय इतिहासात कटू आठवणीने घेतले जाते. त्यांच्या पत्नी मेरी इम्पी यांनी कलकत्त्याच्या आपल्या निवासस्थानी देशोदेशींचे पशुपक्षी पाळले होते. १७७७ पासून १७८२ पर्यंत या प्राण्यांची चित्रे काढण्याचे काम पाटण्याहून आलेल्या तीन चित्रकारांनी केले: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. चित्रांची संख्या तीनशेच्या वर गेली. त्यांत १९७ पक्षी, ७६ मासे, २८ सरपटणारे प्राणी, १७ चतुष्पाद आणि ८ वनस्पती होत्या, असे सांगितले जाते.

या चित्रांसाठी कागद आला तो इंग्लंडहून. व्हॉटमन यांच्या गिरणीतील हा जाड, पांढराशुभ्र आणि आकाराने मोठा कागद मुरक्क्यातील पानाहून अगदी निराळा होता. त्यामुळे पक्षी शक्य तेथे मूळ आकारात काढता आला. पार्श्वभूमीही गळून पडली. मन्सूरच्या पक्ष्याच्या पायांशी गवत आणि मागे आकाशाची छटा येत असे. झैनुद्दीनचा पक्षी कोऱ्या कागदावर येऊन बसला. ही युरोपीय शास्त्रीय चित्रांची पद्धत होती. तथापि हात मात्र जुनाच राहिला. पिसाच्या एकेका तंतूसाठी वेगळी रेघ, रंगावर रंग चढवून आणलेली झळाळी, आणि डोळ्यातील जिवंतपणा या गोष्टी कोणत्याही युरोपीय नमुन्याबरहुकूम आलेल्या नाहीत. त्या घोटलेल्या वसलीवर शिकलेल्या बोटांतून आल्या आहेत.

उदाहरणादाखल झैनुद्दीनचे १७७७ मधील एक चित्र पाहावे. हे आज अमेरिकेतील मिनिआपोलिस कलासंस्थेकडे आहे. बोरीच्या फांदीवर भांगपाडी मैना बसली आहे. त्याच फांदीवर टसर रेशमाचे दोन पतंग, एक सुरवंट आणि एक कोश दाखविलेले आहेत. प्रत्यक्षात सुरवंट, कोश आणि पतंग या अवस्था एकापाठोपाठ येतात. एका फांदीवर, एका क्षणी त्या सर्व सहसा एकत्र सापडत नाहीत. म्हणजे दिसले ते उतरून काढणे, एवढ्यावर हे चित्र थांबलेले नाही. एका कीटकाचे सारे आयुष्य एका दृष्टिक्षेपात यावे, अशी त्याची योजना आहे. टसरचा सुरवंट बोरीच्या पानांवर वाढतो, ही गोष्टही चित्रात अचूक आलेली आहे. पाने, कीटक आणि पक्षी यांचा परस्परसंबंध येथे एकही शब्द न लिहिता सांगितला गेला आहे. हे शास्त्र की कला, असा वाद घालण्यास या चित्रात फारशी जागा उरत नाही. एकाच कामाची ती दोन अंगे आहेत.

इम्पी संग्रहातील चित्रांच्या कडेला असलेला लेख याहूनही बोलका आहे. चित्र कलकत्त्याच्या लेडी इम्पी यांच्या संग्रहातील असल्याचे इंग्रजीत लिहिलेले असते. पुढे चित्रकार पाटण्याचा रहिवासी असल्याचा उल्लेख येतो आणि वर्ष दिलेले असते. परंतु या इंग्रजी वाक्यात चित्रकाराचे नाव मात्र फार्सी लिपीत आहे. फार्सी न जाणणाऱ्या वाचकाला ते वाक्य अपुरेच राहते. मालकी इंग्रजीत आणि कर्तृत्व फार्सीत, अशी ही वाटणी आहे. तरीसुद्धा नाव आहे, आणि ते आहे म्हणूनच आज अडीचशे वर्षांनंतर झैनुद्दीनविषयी काही बोलता येते.

नावांचा निराळा प्रवास

इम्पी दांपत्य १७८३ साली इंग्लंडला परतले आणि चित्रेही त्यांच्याबरोबर गेली. १८१० साली लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला आणि संग्रह विखुरला. आज त्यातील चित्रे लंडनच्या लिनीअन सोसायटीपासून अमेरिकेतील संग्रहालयांपर्यंत अनेक ठिकाणी आढळतात. मधल्या काळात या चित्रांनी शास्त्राची सेवा केली होती. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने भारतीय पक्ष्यांची वर्णने करताना या संग्रहाचा उपयोग केला. हिमालयातील मोनाल या देखण्या पक्ष्याला लॅथमने १७९० साली जे नाव दिले त्यात लेडी इम्पी यांचे नाव गुंफलेले आहे. लोफोफोरस इम्पेजानस हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. संग्रह जमविणाऱ्या स्त्रीचे नाव अशा रीतीने कायमचे पक्ष्याला चिकटले. पक्षी रंगविणाऱ्याचे नाव चित्राच्या कोपऱ्यात राहिले.

शास्त्रीय नामकरणात अशा कृतज्ञतेची रीतच होती, आणि ती वरिष्ठांच्या दिशेने वाहत असे. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणाऱ्या, लोकांत शिंदळ माकुडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुर्मिळ वनस्पतीला डाल्झेल याने मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका असे नाव दिले, ते याच रीतीला अनुसरून.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट वाइट यांचे उदाहरण वेगळे उठून दिसते. वाइट हे मद्रास इलाख्यात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा दक्षिण भारतातील वनस्पतींच्या चित्रांचा ग्रंथ १८३८ ते १८५३ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला आणि त्यात २१०१ शिळाछाप चित्रे आहेत. त्यांच्यासाठी आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू या चित्रकारांनी काम केले. अखेरच्या खंडात वाइट यांनी एका ऑर्किडच्या प्रजातीला गोविंदूच्या नावावरून 'गोविंदूइया' असे नाव दिले. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात भारतीय चित्रकाराला मिळालेला हा अत्यंत दुर्मिळ मान होय. पुढे ती वनस्पती आधीच नाव मिळालेल्या ट्रोपिडिया या प्रजातीतील असल्याचे ठरले आणि नामकरणाच्या नियमाप्रमाणे गोविंदूचे नाव पर्यायी नावांच्या यादीत जाऊन पडले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. अग्रक्रमाचा नियम सर्वांना सारखाच लागू होतो. परंतु ज्या थोड्या ठिकाणी चित्रकाराचे नाव शास्त्रात शिरले, तेथूनही ते निसटले, ही वस्तुस्थिती उरतेच.

पुणे आणि दापुरी

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे नाव उरणे आणि न उरणे यांतील अंतर स्पष्ट होते.

पहिले उदाहरण पुण्याचे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने, आणि पुढे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या सहवासात, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट या पुण्याच्या कलावंताने पुष्कळ चित्रे काढली. १७९० च्या नोव्हेंबर महिन्यातील त्याचे एक चित्र पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे आहे आणि ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. सवाई माधवरावांच्या पुण्यात गेंडा पाळलेला होता, ही बाब बखरीतून वाचणे निराळे आणि त्याच्या कातडीच्या घड्या समोर पाहणे निराळे. २०११ साली या केंद्राने भारतातील ब्रिटिश काळातील चित्रांचे जे प्रदर्शन भरविले, त्यात गंगारामच्या कामाला महत्त्वाचे स्थान होते. त्याचे नाव, आडनाव आणि तांबट हा पिढीजात व्यवसाय दर्शविणारा शब्द इतके सारे कागदपत्रांत टिकून राहिल्यामुळे अभ्यासकांना त्याच्या कामाचा माग काढता आला.

दुसरे उदाहरण पुण्याजवळच्या दापुरीचे. मुंबई सरकारचे वनस्पतिउद्यान तेथे १८२८ पासून होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक. पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षकही तेच झाले. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी उद्यानातील व परिसरातील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी त्यांवर लिहिलेला ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला, आणि दापुरी हे नाव वनस्पतिचित्रांच्या जगात पुन्हा ऐकू येऊ लागले. गिब्सन यांचे चरित्र, उद्यानाचा खर्च, वनस्पतींची नावे हे सारे त्यात कळते. ज्या हाताने ती चित्रे काढली त्या माणसाचे नाव मात्र या कागदांत उरलेले नाही.

गंगाराम आणि दापुरीचा चित्रकार यांच्यात साठ वर्षांचेही अंतर नाही. मग एकाचे नाव उरले आणि दुसऱ्याचे गेले, असे का व्हावे? याचे उत्तर चित्रकारांच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. ते कामाच्या व्यवस्थेत आहे. मॅलेट व इम्पी यांचे संग्रह खाजगी होते. त्यांत चित्र ही स्वतः एक मौल्यवान वस्तू होती आणि ती कोणी काढली हे सांगण्यात संग्राहकालाही भूषण वाटे. वनस्पतिउद्यानातील चित्रकार हा मासिक वेतनावरचा नोकर होता; माळी, नमुने वाळविणारा आणि लेखनिक यांच्या पंक्तीत तो बसे. त्याचे चित्र वाळविलेल्या नमुन्याला पूरक म्हणून ठेवले जाई. नमुना कोणी गोळा केला हे लिहून ठेवण्याची शिस्त होती, चित्र कोणी काढले हे लिहिण्याची नव्हती. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांनी तयार करवून घेतलेली चित्रे अडीच हजारांवर आहेत आणि त्यांतील बहुतेक निनावी आहेत. त्याच उद्यानात पुढे वॉलिच यांच्या १८३० ते १८३२ या काळातील ग्रंथासाठी विष्णुप्रसाद आणि गोराचंद यांनी चित्रे काढली. त्यांची नावे छापील चित्राखाली आली म्हणूनच टिकली.

नाव टिपण्याची पद्धत त्या काळी कोणाला ठाऊकच नव्हती, असेही म्हणता येत नाही. मलबारातील वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा डच ग्रंथ १६७८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात वनस्पतींची माहिती पुरविणारे इट्टी अच्युतन वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण यांची प्रमाणपत्रे त्यांच्या-त्यांच्या लिपीत छापलेली आहेत. त्या तिघांचा मजकूर नागरीत आहे. म्हणजे ज्ञानाचा साक्षीदार म्हणून भारतीय माणसाचे नाव छापावे, ही कल्पना गिब्सन यांच्या काळाआधी पावणेदोनशे वर्षे अमलात आलेली होती.

कपाटातून दालनात

ही चित्रे कपाटांतून बाहेर येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मिल्ड्रेड आर्चर यांनी लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयातील निसर्गेतिहासविषयक चित्रांची सूची १९६२ साली प्रसिद्ध केली. सूची ही रूक्ष वस्तू खरी, पण कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे हे शोधण्याची सोय तिनेच झाली. १९७८ साली स्टुअर्ट केरी वेल्च यांनी अमेरिकेत भरविलेल्या प्रदर्शनात ब्रिटिश काळातील भारतीय चित्रे कलाकृती म्हणून मांडण्यात आली. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये विल्यम डालरिम्पल यांच्या संयोजनाखाली कंपनीसाठी काम करणाऱ्या भारतीय चित्रकारांच्या शंभरांहून अधिक कृतींचे प्रदर्शन सुरू झाले. विस्मृतीत गेलेले थोर चित्रकार अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. 'कंपनी' या यजमानवाचक शब्दाऐवजी चित्रकार हा प्रदर्शनाचा कर्ता झाला, हे त्या शीर्षकाचे महत्त्व.

दालनात आलेल्या कागदाची काळजी कशी घ्यावी लागते, हेही येथे पाहिले पाहिजे. प्रकाशाने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि वनस्पतिजन्य रंग उडतात. ही हानी हळूहळू साचत जाते आणि ती भरून निघत नाही. नंतर चित्र अंधारात ठेवले तरी गेलेला रंग परत येत नाही. म्हणून कागदावरील चित्रांसाठी प्रकाशाची मर्यादा सामान्यतः ५० लक्स एवढीच ठेवतात, काही महिन्यांच्या प्रदर्शनानंतर चित्र दीर्घकाळ पेटीत विसावते, आणि त्याच्या जागी दुसरे येते. काही रंग स्वतःच कागदाचे वैरी असतात. तांब्यापासून केलेला जंगाल हा हिरवा रंग कालांतराने कागद खाऊन टाकतो. शिशाचा सफेदा काळवंडतो. आपल्याकडील पावसाळ्याची दमट हवा बुरशीला आमंत्रण देते. दालनातील मंद प्रकाश हा असा हिशेबाचा भाग आहे. आजच्या प्रेक्षकाला थोडे कमी दिसावे, म्हणजे पुढच्या पिढीतील प्रेक्षकाला काही दिसेल.

दालनाने काही दिले, तसे काही काढूनही घेतले आहे. संग्रहातील चित्रांना परस्परांच्या सान्निध्याने अर्थ येत असे. एकेक चित्र सुटे झाले, विकले गेले, चौकटीत बसले, आणि तो अर्थ तुटला. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली कित्येकदा कडेचा लेखच झाकला जातो, आणि नेमके चित्रकाराचे नाव ज्या कोपऱ्यात असते तोच प्रेक्षकाच्या दृष्टीआड होतो. शिवाय देखण्या पिसाऱ्याने दिपून गेलेला प्रेक्षक ही चित्रे कोणत्या सत्तेच्या छायेत निर्माण झाली ते विसरण्याचा संभव असतो. पाळलेला पक्षी, पगारी चित्रकार आणि देशाबाहेर गेलेला संग्रह ही एकाच व्यवस्थेची अंगे होती. चित्राचे सौंदर्य मान्य करण्यासाठी या व्यवस्थेवर पांघरूण घालण्याची गरज नाही, आणि व्यवस्था सदोष होती म्हणून चित्रकाराचे श्रेय कमी करण्याचेही कारण नाही.

साक्षीदार

या चित्रांना आज जे आणखी एक मोल आले आहे, ते त्यांच्या निर्मात्यांच्या स्वप्नातही नसेल. इम्पी संग्रहात भवानी दास याने काढलेले गुलाबी डोक्याच्या बदकाचे चित्र आहे. हे बदक गंगेच्या खोऱ्यातील पाणथळ गवताळ प्रदेशात राहत असे. पाणथळ जागा शेतीखाली गेल्या, शिकार वाढली आणि ते दिसेनासे झाले. १९४९ नंतर भारतात त्याची निर्विवाद नोंद झालेली नाही. सैबेरियन क्रौंच अद्याप पृथ्वीवर आहे, परंतु भरतपूरच्या पाणथळीत दर हिवाळ्यात येणारे त्याचे थवे घटत घटत २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर यायचे थांबले. मन्सूरचा क्रौंच आणि भवानी दासचे बदक यांच्याकडे पाहताना प्रेक्षकासमोर आता केवळ कुशल रंगकाम नसते. त्या जिवांना समोर बसवून, त्यांचा रंग आणि त्यांची बसण्याची ढब टिपून घेणाऱ्या माणसाची ती साक्ष असते. आणि साक्ष म्हटली की साक्षीदाराचे नाव विचारले जाते. न्यायालयात निनावी साक्षीला किंमत नसते. चित्राच्या बाबतीत किंमत नाहीशी होत नसली, तरी प्रश्न उरतोच.

यावरून अशा प्रदर्शनाच्या मांडणीविषयी काही गोष्टी सांगता येतील. चित्राखालच्या पट्टीवर जातीचे शास्त्रीय नाव असावे. त्याबरोबर चित्रावर ज्या लिपीत चित्रकाराचे नाव आहे त्याच लिपीत ते दाखवावे, आणि ज्या प्रदेशात प्रदर्शन भरले असेल तेथील भाषेतही लिहावे. भांगपाडी मैना, बोर, टसर हे शब्द वाचताच मराठी प्रेक्षकाचे चित्राशी जे नाते जुळेल, ते लॅटिन नावाने जुळणार नाही. कडेचा लेख झाकणारी चौकट वापरू नये. जेथे नाव उरलेले नाही तेथे 'अज्ञात चित्रकार' एवढ्यावर थांबू नये. कोणत्या उद्यानात, कोणाच्या नोकरीत आणि कोणत्या वर्षांत ते चित्र तयार झाले, हे लिहावे. त्यामुळे त्या माणसाचे नाव परत येणार नाही. परंतु तो चित्रकार एका ठिकाणी, एका पगारावर, रोज कामाला येणारा माणूस होता एवढे तरी प्रेक्षकाला कळेल.

दापुरीच्या चित्रकाराने १८४७ ते १८५० या तीन-चार वर्षांत सुमारे १७० वनस्पती कागदावर उतरविल्या. पाने मोजून पाहावीत इतके ते काम नेटके आहे. त्याच्या चित्रांखाली लिहावयाच्या पट्टीत नावाची जागा मोकळी आहे. ती मोकळी आहे असे दाखविणे, हेही कलादालनाचे काम आहे.